ओर्का : आज उत्तम बोलतो, उद्याची हमी कोणाकडे?

डेबियन १३ हे लिनक्सचे वितरण, त्यावर ग्नोम ४८ हा डेस्कटॉप आणि त्यासोबत येणारा ओर्का हा स्क्रीन रीडर, अशी माझी रोजच्या कामाची जोडणी आहे. लेखन, ईमेल, ब्राउझरमधले वाचन आणि टर्मिनलवरची किरकोळ कामे मी पडदा न पाहता, केवळ कानांच्या भरवशावर याच जोडणीवर करते आणि हे परीक्षण तिच्याच वापरातून लिहिले आहे. निकाल आधीच सांगून टाकते. मी आजवर वापरलेल्या ओर्काच्या सर्व आवृत्त्यांमध्ये ही सर्वांत चांगली आहे. तरीही एखाद्या नवख्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला ‘पुढची दहा वर्षे निर्धास्तपणे यावर विसंबून राहा’ असे सांगण्याची माझी तयारी नाही. ओर्काच्या कामात फार मोठी खोट आहे, असे याचे कारण नाही. तो ज्या पायावर उभा आहे तो पाया बदलतो आहे आणि तो बदल सांभाळून घेणारी पगारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, हे कारण आहे.

ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पडद्यावरचा मजकूर, बटणे, याद्या, तक्ते हे सारे बोलून दाखवणारा किंवा ब्रेल डिस्प्लेवर उमटवणारा प्रोग्राम म्हणजे स्क्रीन रीडर. विंडोजवर जॉज आणि एनव्हीडीए, ॲपलच्या यंत्रांवर व्हॉइसओव्हर आणि लिनक्सच्या ग्राफिकल डेस्कटॉपवर ओर्का. यांपैकी ओर्का आणि एनव्हीडीए ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, म्हणजे त्यांचा स्रोत खुला आहे आणि परवान्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. ओर्का २००६ साली ग्नोम २.१६ मध्ये ग्नोपर्निकस या जुन्या प्रोग्रामच्या जागी आला आणि तेव्हापासून लिनक्स वापरणाऱ्या बहुतेक सर्व दृष्टिहीनांचा डेस्कटॉप त्याच्याच तोंडून बोलतो. त्याला तोडीस तोड असा दुसरा पर्याय तिथे नाही, ही गोष्ट या परीक्षणात सुरुवातीपासून लक्षात ठेवावी लागेल.

स्थापनेचा अनुभव मात्र खरोखर वाखाणण्यासारखा आहे. डेबियनचा इन्स्टॉलर सुरू झाला की ‘बीप’ ऐकू येतो. त्यानंतर ‘एस’ ही कळ दाबून एंटर दिले की इन्स्टॉलर बोलू लागतो. संगणकात एकाहून अधिक साउंड कार्डे असतील, तर तो प्रत्येकावर बोलून पाहतो आणि ज्यावरून आवाज ऐकू येईल त्या वेळी एंटर दाबण्यास सांगतो. पुढचे सर्व प्रश्न क्रमांक लावलेल्या पर्यायांच्या रूपात येतात, त्यामुळे भाषा, डिस्कची विभागणी, पासवर्ड हे सारे आकडा टाइप करून ठरवता येते आणि एक पायरी मागे जायचे असल्यास त्यासाठीही खूण आहे. बोलत्या इन्स्टॉलरने स्थापना केली असेल, तर पहिल्याच लॉगिनच्या पडद्यावर ओर्का चालू असतो. डोळस माणसाला शेजारी न बसवता, कोऱ्या डिस्कपासून चालू डेस्कटॉपपर्यंत एकटीने जाता येणे याचे मोल ज्यांनी कोणाची तरी वाट पाहत दिवस काढले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

दैनंदिन वापरात ओर्का बऱ्यापैकी चपळ आहे. फायरफॉक्समध्ये ‘एच’ दाबून मथळ्यांवरून, ‘टी’ दाबून तक्त्यांवरून आणि ‘बी’ दाबून बटणांवरून उड्या मारता येतात. मे २०२३ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ११३ ने सुगम्यतेचे, म्हणजे स्क्रीन रीडरला पानावरचा मजकूर पुरवण्याचे, आतले यंत्रच बदलले, त्यानंतर लांबलचक पाने वाचताना होणारी अडखळ खूपच कमी झाली. लिब्रेऑफिस रायटरमध्ये परिच्छेद, तळटीपा आणि तक्ते नीट वाचले जातात. सेटिंग्ज, फाइल्स, टर्मिनल अशा ग्नोमच्या स्वतःच्या प्रोग्राममध्येही आता फारशी तक्रार राहिलेली नाही.

मराठीच्या बाबतीत कौतुक आणि खंत दोन्ही आहे. ओर्कासाठी बोलण्याचे काम सहसा ईस्पीक एनजी करतो. त्याचा मराठी आवाज यांत्रिक आहे, आणि ज्याने तो प्रथमच ऐकला त्याला तो मराठी वाटणारही नाही. पण हा आवाज ध्वनिमुद्रणांचे तुकडे जोडून बनलेला नाही, गणिताने घडवलेला आहे, म्हणून वेग कितीही वाढवला तरी अक्षरे एकमेकांत मिसळत नाहीत. सवयीच्या कानाला नेहमीच्या बोलण्याच्या कितीतरी पट वेगाने तो समजतो आणि मराठी वाक्यात मधेच रोमन लिपीतला शब्द आला, तर तो इंग्रजी उच्चाराने वाचून पुन्हा मराठीवर येतो. मुद्रिते तपासताना मला गोड आवाजापेक्षा हा काटेकोर आवाज अधिक उपयोगी पडतो, कारण ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यात लपत नाही. मराठी ब्रेलसाठीही लिबलुई या मजकुराचे ब्रेल करणाऱ्या संचात तक्ता आहे. इंटरफेसची भाषा मराठी ठेवली, तर मात्र ओर्काचे कित्येक संदेश इंग्रजीतच ऐकू येतात. संदेश नवे येत गेले, जुने बदलत गेले, आणि ते भाषांतरित करणारे हात मागे पडले.

आता मुख्य मुद्दा. लिनक्सच्या डेस्कटॉपखाली वर्षानुवर्षे एक्स-११ ही चित्रव्यवस्था होती. तिच्यात कोणताही प्रोग्राम कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ ऐकू शकत असे. सुरक्षेच्या दृष्टीने हे भगदाड होते, पण स्क्रीन रीडरला नेमके हेच लागते. आपण कोणत्याही खिडकीत असलो, तरी कंट्रोल दाबताच त्याने गप्प व्हायला हवे आणि कॅप्स लॉक धरून दुसरी कळ दाबली की ती आज्ञा आहे हे त्याला कळायला हवे. एक्स-११ ची जागा घेणाऱ्या वेलँडने हे भगदाड बुजवले. ते बुजवताना स्क्रीन रीडरसाठी अधिकृत दार ठेवायचे मात्र राहून गेले. फेडोरा २५ या लिनक्स वितरणाने २०१६ मध्ये ग्नोमसाठी वेलँड हीच मूळ निवड केली. कळा ऐकण्याची सर्वत्र चालणारी सोय ओर्काला मिळाली ती मार्च २०२५ मधल्या ग्नोम ४८ मध्ये. मधली सुमारे सव्वाआठ वर्षे ज्यांना ओर्का हवा होता त्यांना ‘लॉगिन करताना जुने सत्र निवडा’ हाच सल्ला मिळत राहिला.

हा काळ वर्गात कसा गेला ते मी जवळून पाहिले आहे. एका प्रशिक्षण केंद्रात सुट्टीत संगणक अद्ययावत केले गेले आणि डेस्कटॉपचे सत्र आपोआप वेलँडवर गेले. मुलांनी शिकल्याप्रमाणे कॅप्स लॉक धरून कळा दाबल्या. ओर्काने आज्ञा ऐकली नाहीच, उलट कॅप्स लॉक खरोखर चालू झाला आणि पुढचा सगळा इंग्रजी मजकूर मोठ्या अक्षरांत उमटू लागला. कोणत्याही पडद्यावर त्रुटीचा संदेश आला नाही, त्यामुळे आपलेच बोट चुकते आहे असे प्रत्येकाला वाटले आणि ती मुले तीच कळ पुन्हा पुन्हा, अधिक सावकाश दाबत राहिली. बिघाड कोणाचा आहे हेच कळू नये, हा दृष्टिहीन वापरकर्त्याच्या वाट्याला येणारा सर्वांत वाईट प्रकार आहे. डोळस माणसाला बिघडलेली खिडकी निदान दिसते.

ग्नोम ४८ मधली दुरुस्ती चांगली आहे आणि केडीई या दुसऱ्या मोठ्या डेस्कटॉपनेही तोच मार्ग स्वीकारला आहे. पण वेलँडच्या जगात ही सोय प्रत्येक कंपोझिटरने, म्हणजे खिडक्या मांडणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामने, स्वतंत्रपणे करून द्यावी लागते. दोन मोठ्यांनी ती केली. बाकीच्या छोट्या कंपोझिटरांनी ती करावी यासाठी त्यांच्यावर कोणाचेही बंधन नाही.

अशी दिरंगाई एकदाच घडली असती, तर मी तिला अपवाद मानले असते. ग्नोमचे प्रोग्राम ज्या साधनसंचाने लिहिले जातात त्या जीटीकेची चौथी आवृत्ती डिसेंबर २०२० मध्ये आली. तिच्यात सुगम्यतेची मांडणी नव्याने केली होती आणि ती मांडणी जुन्यापेक्षा स्वच्छ होती. पण एखाद्या प्रोग्रामने स्वतः घडवलेल्या मजकुराच्या चौकटीतला मजकूर स्क्रीन रीडरपुढे उघडा करण्याची सार्वजनिक सोय तिला मिळाली ती मार्च २०२४ मधल्या ४.१४ या आवृत्तीत. तोवर जीटीके ४ वर गेलेला टर्मिनल ओर्कासाठी मुका होता. आधी नवे बांधायचे, जुने मोडीत काढायचे आणि सुगम्यता मागाहून जोडायची, हा क्रम इथे पुन्हा पुन्हा दिसतो. तो कोणाच्या दुष्टाव्यामुळे घडत नाही. पाया बदलताना त्या टेबलाशी सुगम्यतेचे काम पूर्ण वेळ करणारे कोणी बसलेलेच नसते, म्हणून तो घडतो.

इथून गोष्ट माणसांवर आणि पैशांवर येते. ओर्काची सुरुवात सन मायक्रोसिस्टिम्समध्ये झाली. मार्क मल्केही यांनी ती केली आणि विली वॉकर यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या सुगम्यता विभागाने ती पुढे नेली. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि थोड्याच दिवसांत वॉकर यांची नोकरी गेली. तोवर बाहेरून योगदान देणाऱ्या जोॲनमेरी डिग्ज यांनी धुरा उचलली. पुढे त्या स्पेनमधल्या इगालिया या कंपनीत गेल्या आणि आजवर ओर्काचा भार मुख्यतः त्यांच्याच खांद्यावर आहे. गेल्या काही आवृत्त्यांत त्यांनी वर्षानुवर्षे साचलेला कोड उपसून नव्याने मांडला आहे. आज ओर्का जितका स्थिर वाटतो त्याचे बरेचसे श्रेय या कष्टांना जाते, आणि मी त्यांची मनापासून ऋणी आहे. मात्र ज्यावर जगभरच्या दृष्टिहीन लिनक्स वापरकर्त्यांचा डेस्कटॉप उभा आहे ते साधन एका व्यक्तीच्या नोकरीवर इतके अवलंबून असावे, हे या उत्पादनाचे सर्वांत मोठे न्यून आहे आणि ते कोणत्याही आवृत्तीच्या टिपणात छापून येत नाही.

त्याखालचा थर, म्हणजे प्रोग्राम आणि ओर्का यांच्यातला संवाद वाहून नेणारा एटी-एसपीआय, याची अवस्था याहून नाजूक आहे. ओर्का प्रत्येक बारीक गोष्ट प्रोग्रामला विचारतो : हे काय आहे, याचे नाव काय, याला किती अपत्ये, त्यातले पहिले कोणते. प्रत्येक प्रश्न डी-बस या प्रोग्रामांमधल्या निरोपवाहिनीवरून जातो आणि उत्तर येईपर्यंत ओर्का थांबतो. प्रोग्राम अडकला की ओर्काही अडकतो, आणि तो अडकला की सारा संगणक मुका होतो. शिवाय फ्लॅटपॅकसारख्या बंदिस्त चौकटीत चालणाऱ्या प्रोग्रामना या वाटेने बाहेर डोकावता येते, म्हणून सुरक्षा पाहणाऱ्या मंडळींचाही तिच्यावर रोख आहे.

यावर उत्तर शोधले गेले होते. जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडाने २०२३ मध्ये ग्नोमला १० लाख युरो दिले. त्यातल्या अनेक कामांपैकी एक सुगम्यतेचे होते. मॅट कॅम्पबेल यांनी त्यातून न्यूटन नावाच्या नव्या रचनेचा नमुना उभा केला आणि जून २०२४ मध्ये तो लोकांपुढे ठेवला. प्रोग्रामने आपल्या पडद्याची मांडणी आपणहून कंपोझिटरकडे पाठवायची आणि स्क्रीन रीडरने ती तिथून घ्यायची, अशी ती कल्पना आहे. तिने प्रश्नोत्तरांची साखळी तुटते आणि बंदिस्त चौकटही अभंग राहते. अनुदानाची मुदत मात्र २०२४ बरोबर संपली. कॅम्पबेल यांच्याच ॲक्सेसकिट या सुगम्यतेच्या कोडसंचाचा एक ऐच्छिक जोड मार्च २०२५ मध्ये जीटीके ४.१८ मध्ये आला, ही त्या प्रयत्नाची हाती लागलेली फलश्रुती. न्यूटन स्वतः ना ग्नोम ४८ मध्ये आला, ना ४९ मध्ये. हे काम अनुदानाच्या एका फेरीत उरकणारे नाही, कारण त्यात जीटीके, क्यूटी हा दुसरा साधनसंच, ब्राउझर, कंपोझिटर आणि ओर्का या सर्वांना एकाच दिशेने चालावे लागते आणि त्यांतल्या प्रत्येकाचे धनी वेगळे आहेत.

दरम्यान जुने घर सोडण्याची तारीख येऊन ठेपली आहे. सप्टेंबर २०२५ च्या ग्नोम ४९ मध्ये एक्स-११ चे सत्र मुळातच बंद ठेवलेले आहे आणि ऑक्टोबरमध्ये आलेल्या उबुंटू २५.१० ने ते ग्नोममधून काढूनच टाकले. भारतातल्या अनेकांसाठी हा मुद्दा दूरचा नाही. केरळमधल्या झेंडालोना गटाने दृष्टिहीनांसाठी घडवलेले ॲक्सेसिबल कोकोनट हे वितरण उबुंटू मेटवर आधारलेले आहे आणि मेट हा डेस्कटॉप अजूनही मुख्यतः एक्स-११ वर चालतो. साधा, स्थिर आणि ओर्काशी जुळवून घेतलेला म्हणून तो अंध वापरकर्त्यांत आवडीचा आहे. त्याच्या खालची जमीन हळूहळू काढून घेतली जात असताना त्याला वेलँडवर सुगम्यतेसह कोण नेणार, याचे उत्तर आज कोणाकडेही नाही.

एनव्हीडीएशी तुलना टाळता येत नाही. मायकल करन यांनी २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात ते सुरू केले, पुढे जेम्स टेह सोबत आले आणि एनव्ही ॲक्सेस ही ना-नफा संस्था त्यासाठीच उभी राहिली. देणग्या आणि कंपन्यांचे अनुदान यांतून तिथे पगारी माणसे काम करतात. वेबेम या वेब-सुगम्यतेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२३-२४ च्या पाहणीत मुख्य स्क्रीन रीडर म्हणून जॉजला सुमारे ४० टक्के आणि एनव्हीडीएला सुमारे ३८ टक्के लोकांनी पसंती दिली होती. या मानाने ओर्काचा वाटा अगदी नगण्य होता. मुक्त स्क्रीन रीडर सर्वांत भक्कम उभा आहे तो विंडोज या बंदिस्त प्रणालीवर. याचे कारण मला उघड दिसते : विंडोजखालची सुगम्यतेची चौकट सांभाळण्यासाठी मायक्रोसॉफ्ट पगार देते आणि एनव्ही ॲक्सेसला फक्त वरचा मजला बांधावा लागतो. लिनक्समध्ये पायापासून कळसापर्यंत सारेच मूठभर लोकांना करावे लागते.

एक वेगळा मार्गही आहे आणि त्याचा धागा पुण्यापर्यंत येतो. पुण्यात वाढलेले आणि चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेलेले टी. व्ही. रमण यांनी वाडिया महाविद्यालयात आणि मुंबईच्या आयआयटीत शिक्षण घेतले आणि कॉर्नेलमध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यांनी १९९५ मध्ये ईमॅक्सस्पीक प्रसिद्ध केले. ते पडदा वाचत नाही. ईमॅक्स या मजकूर-संपादकाच्या आतच राहून ते अर्थ थेट बोलते : तारखेला तारीख म्हणून, कोडला कोड म्हणून. खाली एक्स-११ असो वा वेलँड, त्याला फरक पडत नाही, आणि तीन दशके ते टिकून आहे. टर्मिनलवर रमणाऱ्या प्रोग्रामरला मी ते जरूर सुचवते. बँकेचा अर्ज भरायचा आहे किंवा कार्यालयातला तक्ता पाहायचा आहे अशा माणसाला मात्र त्याचा उपयोग थोडा.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती आणि इलेक्ट्रॉनिक साधने सुगम्य असावीत असे म्हटले आहे आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोच हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. सरकारी कचेऱ्या आणि शाळा परवान्याचा खर्च वाचावा म्हणून लिनक्स निवडतात, आणि ती निवड मला पटते. पण वाचलेल्या पैशांतला अल्पसा भाग ओर्का आणि एटी-एसपीआय यांची देखभाल करणाऱ्यांपर्यंत पोहोचावा, अशी अट मी आजवर एकाही निविदेत वाचलेली नाही. ती यावी असे मला फार वाटते. पुण्या-चेन्नईत हे काम करू शकणारे प्रोग्रामर आहेत. त्यांना यासाठी कोणी नेमत नाही, इतकेच.

शिफारस करायची तर ती अशी. संगणक स्वतःच्या ताब्यात असेल, थोडी खटपट करण्याची तयारी असेल आणि काम लेखन, वाचन, प्रोग्रामिंग या स्वरूपाचे असेल, तर डेबियन १३ आणि ओर्का ४८ ही जोडी आज निःशंकपणे घ्यावी. तिच्यात वेलँडवरची कळांची दुरुस्ती आहे, एक्स-११ चे सत्रही अजून शाबूत आहे आणि डेबियनची दीर्घ मुदतीची देखभाल धरली, तर २०३० पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतील. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आणणाऱ्या वितरणांच्या मागे दृष्टिहीनांनी सध्या धावू नये. प्रशिक्षण केंद्रांनी नवी आवृत्ती आधी एकाच संगणकावर घालावी, तिच्यावर एखाद्या अंध शिक्षकाने आठवडाभर काम करावे आणि मगच ती बाकीच्या संगणकांवर न्यावी. ज्यांची नोकरी किंवा परीक्षा संगणकावर अवलंबून आहे त्यांनी एनव्हीडीए असलेले विंडोज हाताशी ठेवावे. आणि काही बिघडले, तर ते ग्नोमच्या गिटलॅबवर ओर्काच्या नावे नोंदवावे : कोणता प्रोग्राम, त्याची कोणती आवृत्ती, सत्र वेलँडचे की एक्स-११ चे, कोणती कळ दाबली आणि ओर्का काय बोलला, एवढे पाच तपशील त्यात असले की पुरे. मराठी आवाजातल्या चुका मात्र तिथे लिहू नयेत. त्या ईस्पीक एनजीच्या गिटहबवर, चुकीचा उच्चार आणि अपेक्षित उच्चार दोन्ही देवनागरीत लिहून कळवाव्यात.